एच-१बी: लॉटरीत नाव घालण्याआधी पगाराची पातळी वाचा

मार्च महिना जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या आणि अमेरिकेतल्याही कितीतरी मराठी घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा लॉटरीत नंबर लागेल का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. तुमचं नाव कोण घालतंय, कोणत्या कामासाठी, कोणत्या शहरातल्या ऑफिससाठी आणि किती पगारावर? या चार गोष्टींवर अमेरिकेतली तुमची पुढची सहा वर्षं ठरतात. २०२६ पासून तर नंबर लागण्याची शक्यताही त्यांच्यावरच अवलंबून आहे. त्या कशा तपासायच्या, हे सांगण्यासाठी हा लेख. पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल, कारण आजचे कडक नियम अमेरिकेतल्या नोकऱ्यांच्या बाजारात झालेल्या भांडणातून आलेले आहेत.

व्हिसा तुमचा, अर्ज मालकाचा

एच-१बी हा वर्ग अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्यानं तयार केला. किमान पदवी लागते अशा विशेष कौशल्याच्या कामासाठी तात्पुरता परदेशी माणूस आणायचा, ही कल्पना. वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. डॉट-कॉमच्या तेजीत ती वाढवत २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत नेली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आणली. त्यानंतर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या ठेवल्या. मागणी या जागांहून जास्त असते, म्हणून लॉटरी. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांना ही मर्यादा लागू नाही, तिथल्या नोकरीसाठी लॉटरीची गरज नसते.

मुदत तीन अधिक तीन अशी सहा वर्षं. अर्ज कंपनी करते. तुम्ही अर्जदार नसता, लाभार्थी असता. नोकरी सुटली की मुक्कामाचा आधारही सुटतो. मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे या व्यवस्थेतल्या प्रत्येक खटक्याचा आवाज हिंजवडीपर्यंत ऐकू येतो.

भांडण नेमकं कशाचं?

कायदा सांगतो की कंपनीनं परदेशी माणसाला दोनपैकी जो जास्त असेल तो पगार द्यायचा: त्याच कामासाठी ती इतरांना देते तो, किंवा त्या भागातला प्रचलित दर. प्रचलित दराच्या चार पातळ्या आहेत. पहिली नवशिक्याची, चौथी अत्यंत अनुभवी माणसाची. मेख अशी की पहिल्या दोन पातळ्या त्या भागातल्या मध्यम पगाराच्या खाली पडतात. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेनं २०१९ ची आकडेवारी तपासली तेव्हा एच-१बीच्या सुमारे ६० टक्के जागा या खालच्या दोन पातळ्यांवर निघाल्या. म्हणजे कायदा पाळूनही स्थानिक बाजारापेक्षा स्वस्तात माणूस मिळू शकत होता.

२०१५ मध्ये याला चेहरा मिळाला. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन ही वीज कंपनी आणि ऑरलँडोतलं डिस्ने यांनी आयटी विभागातले अमेरिकी कर्मचारी कमी केले आणि ते काम आउटसोर्सिंग कंपन्यांना दिलं. जाणाऱ्यांनी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवून जायचं होतं. ही बातमी अमेरिकी संसदेत गाजली. आपल्याकडे आपण तिला राजकारण म्हणून सोडून देतो, पण नोकरी गेलेल्या माणसाचा राग खोटा नव्हता.

अर्थशास्त्रज्ञांचे निष्कर्ष मात्र सरळ एका बाजूला झुकत नाहीत. पेरी, शिह आणि स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळातली अमेरिकी शहरं तपासली. जिथे परदेशी तंत्रज्ञ जास्त आले तिथे पदवीधर स्थानिकांचे पगार वाढलेले दिसले. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांनी काढलेला हिशेब वेगळा होता: परदेशी संगणकतज्ज्ञ आले नसते तर २००१ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. त्याच अभ्यासात ग्राहकांचा आणि आयटी उद्योगाचा एकूण फायदाही दिसतो. थोडक्यात, देशाला लाभ होतो आणि त्याच टेबलावर बसणाऱ्याला झळ लागते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासानं तिसरी बाजू दाखवली. व्हिसा मिळेनासे झाले की बहुराष्ट्रीय कंपन्या कामच कॅनडा, भारत आणि चीनमधल्या आपल्या शाखांत हलवतात.

भारताच्या बाजूचा परिणाम गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी मांडला आहे. अमेरिकेची दारं किलकिली झाल्यावर इथल्या मुलांनी संगणकाचं शिक्षण धरलं. सगळ्यांना काही व्हिसा मिळाला नाही. जे मागे राहिले आणि जे मुदत संपून परतले, त्यांच्या बळावर भारतातला आयटी उद्योग फुगला. महाराष्ट्रात गावोगाव निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटरच्या जागा आधी का भरतात, याचं निदान एक उत्तर या व्हिसात आहे.

तुमच्या दृष्टीनं सार एवढंच: कमी पातळीच्या पगारावर गेलात तर स्थानिकांचा राग तुमच्यावर, सरकारचा संशय तुमच्या कागदांवर आणि तोटाही तुमचाच. योग्य पगारावर गेलात तर तिन्ही अडचणी हलक्या होतात. नव्या नियमांनी हे गणित आणखी स्पष्ट केलं आहे.

नव्या लॉटरीचे नियम

आधी नोंदणी समजून घ्या. कंपनी मार्चमध्ये प्रत्येक उमेदवारामागे २१५ डॉलर भरून ऑनलाइन नोंदणी करते. पूर्वी हे शुल्क १० डॉलर होतं, तेव्हा एकाच उमेदवाराची नोंदणी पाच-सहा कन्सल्टन्सींमार्फत करण्याचा धंदा बोकाळला. मार्च २०२३ मध्ये नोंदण्या सुमारे ७ लाख ८० हजारांवर गेल्या, त्यातल्या ४ लाखांहून अधिक अशाच दुबार-तिबार होत्या. २०२४ पासून निवड पासपोर्टनुसार, म्हणजे माणशी एकदाच होते. पात्र नोंदण्या त्या वर्षी ४ लाख ७० हजारांवर आणि २०२५ मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजारांवर उतरल्या. तेव्हा ‘चार ठिकाणहून नाव टाकतो, चान्स चौपट’ असं कुणी सांगितलं तर तो एजंट जुन्या काळात जगतो आहे किंवा तुम्हाला फसवतो आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला आणि २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेला नियम त्याहून महत्त्वाचा आहे. आता देऊ केलेला पगार चौथ्या पातळीला पोचत असेल तर तुमचं नाव चार वेळा धरलं जातं, तिसऱ्या पातळीला तीन वेळा, दुसऱ्या पातळीला दोन वेळा आणि पहिल्या पातळीला एकदाच. हा नियम प्रस्तावित करताना सरकारनंच अंदाज दिला होता: चौथ्या पातळीच्या उमेदवाराची शक्यता सुमारे ६१ टक्के, पहिल्या पातळीची सुमारे १५ टक्के.

पातळी शहराप्रमाणे बदलते हे लक्षात ठेवा. सॅन होजेसारख्या महागड्या भागात पहिल्या पातळीत बसणारा पगार एखाद्या लहान शहरात तिसऱ्या पातळीत बसू शकतो. म्हणून आकडा ऐकून हुरळू नका, तो कुठल्या शहराचा आहे ते विचारा.

दुसरा मोठा बदल एक लाख डॉलरचा. २१ सप्टेंबर २०२५ पासून, मुळात बारा महिन्यांसाठी, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीला ही रक्कम भरावी लागते, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. रुपयांत ते जवळपास नव्वद लाख होतात. त्याला कोर्टात आव्हानही मिळालं. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं खुलासा केला की अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेला माणूस तिथल्या तिथे एच-१बीवर गेला तर ही रक्कम लागत नाही. थेट भारतातून जाणाऱ्यासाठी दार अरुंद झालं आणि तिथे शिकणाऱ्याला सापेक्ष फायदा मिळाला. ‘हे पैसे तुम्ही भरा, नंतर पगारातून वळते करू’ असं सांगणाऱ्या कंपनीला लांबूनच नमस्कार करा.

एलसीए: हा एक कागद नीट वाचा

अर्जाआधी कंपनी अमेरिकेच्या श्रम विभागाकडे लेबर कंडिशन अॅप्लिकेशन भरते. सगळे त्याला एलसीए म्हणतात. त्याची प्रत तुम्हाला कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत मिळणं हा तुमचा हक्क आहे, पण ती सही करण्याआधीच मागा. बहुतेक लोक तो कागद फाइलमध्ये लावून मोकळे होतात. त्यात या गोष्टी पाहा.

पहिली, पदाचं नाव आणि कामाचा कोड. प्रत्यक्षात तुम्ही सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि कागदावर कमी दराचा दुसराच कोड, असं असेल तर कारण विचारा. व्हिसा अधिकारीही हेच विचारणार आहे.

दुसरी, कामाचा पत्ता. तिथे कंपनीचं ऑफिस आहे की क्लायंटचं? तिसऱ्याच कंपनीत बसवणार असतील तर त्या कंपनीचं नाव कागदावर यायला हवं. पुढे दुसऱ्या महानगर भागात काम हलवलं तर नवा एलसीए आणि सुधारित अर्ज लागतो. ‘नुसतं लोकेशन बदललं’ म्हणून दुर्लक्ष केलेल्यांना पुढे मुदतवाढीच्या वेळी अडचण येते.

तिसरी, देऊ केलेला पगार, त्याशेजारी प्रचलित दर आणि त्या दराची पातळी. इथे एक बारकावा आहे. एलसीएवरची पातळी कामाच्या अपेक्षांवरून ठरते: किती शिक्षण, किती अनुभव, किती देखरेखीखाली. लॉटरीत मात्र प्रत्यक्ष पगार कुठल्या पातळीला पोचतो ते मोजतात. समजा, आठ वर्षांचा अनुभव असलेल्या जावा डेव्हलपरला दोन ऑफर आहेत. एका कन्सल्टन्सीनं न्यू जर्सीसाठी पहिल्या पातळीचा दर लावला आहे, दुसऱ्या कंपनीनं तिसऱ्या पातळीचा. पहिल्या ऑफरमध्ये त्या डेव्हलपरचं नाव एकदा धरलं जाईल, दुसरीत तीनदा. शिवाय आठ वर्षं अनुभव असलेल्या माणसाला नवशिक्याचा दर का, या प्रश्नाला पहिल्या कंपनीकडे उत्तर नसेल. पगारातला फरक तर दर महिन्याला जाणवेल.

चौथी, कंपनी ‘एच-१बीवर अवलंबून’ या वर्गात, म्हणजे एच-१बीवाल्यांचं प्रमाण मोठं असलेल्या कंपन्यांत, मोडते का, त्या रकान्यातलं हो किंवा नाही.

यातलं पुष्कळसं तुम्ही स्वतःही पडताळू शकता. श्रम विभाग सगळ्या एलसीएंची यादी ठरावीक काळानं प्रसिद्ध करतो, शहर आणि कोडनुसार चारही पातळ्यांचे दर त्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि कोणत्या कंपनीचे किती अर्ज मंजूर किंवा नामंजूर झाले याची माहिती स्थलांतर विभागाच्या एम्प्लॉयर डेटा हबवर मिळते. एखाद्या रविवारी दोन तास यावर घाला. लग्न जमवताना याहून जास्त चौकशी करतो आपण.

कन्सल्टन्सीच्या अटी

काही गोष्टी अमेरिकी कायद्यात स्पष्ट आहेत, तरी आपल्या लोकांकडून त्या सर्रास मान्य करून घेतल्या जातात.

प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. अमेरिकेत पाऊल टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत पगार सुरू झाला पाहिजे. तिथेच व्हिसा बदलला असेल तर ६० दिवसांच्या आत. अर्जाचा खर्च आणि त्यासाठीच्या वकिलाची फी हा मालकाचा धंद्याचा खर्च आहे, तो तुमच्या पगारातून वळता करता येत नाही. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड लावता येत नाही. प्रत्यक्ष नुकसानाची वाजवी भरपाई ही वेगळी गोष्ट आणि तीही तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे. कंपनीनं मुदतीआधी काढून टाकलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिनं द्यायचा असतो.

पगाराला वजन आल्यामुळे एक नवा प्रकार होऊ शकतो: कागदावर चौथ्या पातळीचा पगार दाखवायचा आणि फरकाची रक्कम तुमच्याकडून परत घ्यायची. याला होकार देऊ नका. नोंदणीत दाखवलेला पगार आणि प्रत्यक्ष अर्जातला पगार जुळला नाही तर अर्ज नामंजूर होऊ शकतो, आणि लबाडी सिद्ध झाली तर डाग कंपनीवर पडतो तसा तुमच्या पासपोर्टवरही पडतो. खोटा अनुभव लावलेल्या बायोडेटाचंही तेच.

प्रत्येक पे-स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), ऑफर लेटर आणि अर्ज मंजुरीची आय-७९७ नोटीस यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नकोत. पगार थकवला तर श्रम विभागाच्या वेतन शाखेकडे घटनेपासून १२ महिन्यांत तक्रार करता येते. तक्रार केली म्हणून सूड उगवणंही बेकायदा आहे.

नोकरी गेली तर

टेक कंपन्यांतल्या २०२२-२३ च्या नोकरकपातीत अनेकांना पहिल्यांदा कळलं की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दिवस नोकरीच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ती तारीख आणि शेवटचा पगार लेखी घ्या. नव्या कंपनीनं या मुदतीत अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं, आणि हा अर्ज लॉटरीतून जात नाही. ते जमत नसेल तर मुदत संपण्याआधी व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज किंवा परतीची तयारी. सहा वर्षांतला उरलेला काळ परत गेल्यावरही वाया जात नाही, पुन्हा वापरता येतो. मात्र बाहेरून परत येताना वरचा एक लाख डॉलरचा मुद्दा आड येऊ शकतो, म्हणून बाहेर पडण्याआधी वकिलाशी बोला.

सुट्टीला भारतात येणाऱ्यांनीही जपून. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट, म्हणजे ड्रॉपबॉक्स, बहुतेकांसाठी बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जाऊ लागली आणि भारतातल्या कितीतरी जणांच्या मुलाखतींच्या तारखा पुढे गेल्या. लग्नकार्यासाठी दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला माणूस स्टॅम्पिंगसाठी महिनोन्‌महिने अडकू शकतो. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर भारतवारी ठरवण्याआधी मुलाखतीची तारीख हातात हवी.

ग्रीन कार्डची रांग

नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्ड मिळतात आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या गटांत २०१२-१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. आज रांगेत उभं राहणाऱ्यानं ‘पाच वर्षांत होऊन जाईल’ असा हिशेब करू नये.

तरीही प्रक्रिया लवकर सुरू करून घ्या. ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला की सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळते, आणि मंजुरीला १८० दिवस झाल्यावर कंपनीनं तो मागे घेतला तरी तुमची रांगेतली तारीख सहसा टिकते. २०१५ पासून अशा माणसाच्या एच-४ वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळतो. त्याच्या नूतनीकरणाला मिळणारी आपोआप मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून अर्ज शक्य तितक्या लवकर करा. मुलं २१ वर्षांची झाली की आश्रित राहत नाहीत. दहा वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्यानं ही तारीख वहीत आधी लिहावी.

शिकायला जाणाऱ्यांसाठी आणि कर्ज काढणाऱ्यांसाठी

मास्टर्सनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर आणखी २४ महिने काम करता येतं. त्या काळात लॉटरीचे साधारण तीन प्रयत्न होतात, पण नवशिक्याचा पगार असेल तर प्रत्येक वेळी नाव एकदाच धरलं जाणार. म्हणून कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारातून फेडता येईल का, हे आधी मोजा. घर तारण ठेवून जाणार असाल तर हे गणित आई-वडिलांसमोर बसून करा. कॉलेज निवडताना तिथल्या मुलांना पहिल्या नोकरीत कोणत्या कंपन्यांनी आणि किती पगारावर घेतलं ते विचारा. संशोधनाची आवड असेल तर विद्यापीठातल्या नोकऱ्या नजरेआड करू नका, त्यांना लॉटरी नाही.

आणि इथल्या पर्यायाला कमी लेखू नका. नासकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक जागतिक केंद्रं आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. पुणे आणि मुंबई त्यात ठळक आहेत. व्हिसा आवळला की यातली कामं वाढतात, हे ग्लेनन यांच्या अभ्यासाशी जुळतं. तिथे काही वर्षं काढून त्याच कंपनीतून एल-१ व्हिसावर जाण्याचा मार्गही आहे. त्याला लॉटरी नाही, पण त्या व्हिसावर नोकरी बदलता येत नाही, हेही लक्षात घ्या.

नियम सतत बदलताहेत. इथे दिलेलं शुल्क आणि मुदती अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा आणि स्वतःच्या प्रकरणात सल्ला घ्यायचा तो परवानाधारक वकिलाचाच. कंपनीचा वकील आधी कंपनीचं हित पाहतो. ऑफर आली की पदाचा कोड, कामाचा पत्ता, पगार आणि त्याची पातळी लेखी मागा. हे चार तपशील द्यायला जी कंपनी टाळाटाळ करते, तिच्या नावावर अमेरिकेला जाऊ नका.